पडद्याआडचा चुडा

उदगीरच्या बाजारात माझ्या शिलाईच्या दुकानासमोर एका कासारणीचं बांगड्यांचं दुकान आहे. नवरीचा चुडा भरताना ती घरच्यांना बाहेर काढते. "घरच्यांनी बघायचं नसतंय, रिवाज हाय," म्हणते आणि पडदा ओढते.

गेल्या लगीनसराईत एक पोर आत गेली. तिचं लग्न जबरदस्तीनं दुबईला ठरवलं होतं. बराच वेळ बांगडी वाजली नाही. मागच्या दारानं पोर पोलीस ठाण्यात पोचली. पोरीच्या मामानं दुकानात येऊन आरडाओरडा केला, ही बांगड्या रचत राहिली.

न राहवून मी विचारलं, "मावशी, हा रिवाज कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई. मीच पाडलाय. जायचं हाय का न्हाई, हे पोरीला इचारायला दुसरी जागा कुठं हाय?"

आता गल्लीतल्या म्हाताऱ्याच नवरीच्या आईला अडवतात, "बाहेर थांब, पूर्वापार रिवाज हाय."