भिंतीवरचा नाच

कडुनिंबाचा धूर नाकात गेला की नांदूरघाटातली ती दुपार आठवते. निजामाचा अंमल होता, गावात उंदीर मरून पडू लागले होते आणि रोगराई हटावी म्हणून घरोघरी कडुनिंबाचा पाला जाळत होते. गाव सोडा म्हणून सांगायला मिशनच्या गोऱ्या बाई आमच्या ओसरीवर आल्या. त्यांनी एक जाड पुस्तक उघडून आईपुढे धरलं. त्यात युरोपातल्या एका जुन्या चर्चच्या भिंतीवरचं चित्र होतं. राजा, धर्मगुरू, शेतकरी, तान्हं लेकरू, आणि प्रत्येकाला ओढत नाचणारा एकेक हाडांचा सापळा.

“हे नाचत्यात कावून?” आईनं विचारलं.

“तिकडेही असाच प्लेग आला होता, काही शतकांपूर्वी,” बाई म्हणाल्या. “जे मागं उरले, त्यांनी हे काढलं.”

वडील हसले. “त्यांच्या मुलखाचं चित्र हाय. मी घर सोडायचा न्हाई.”

आई त्या तान्ह्याकडे बघत राहिली. मग तिनं धाकट्याला कडेवर घेतलं आणि मला घेऊन रानातल्या खोपीकडे निघाली. तेव्हा मला सापळ्यांची भीती वाटली होती. आता वाटतं, चिताऱ्यानं ती माणसं ओळखीचीच काढली असतील.

वळणावर मी मागं पाहिलं. वडील दारात उभे होते, अजून हसत होते. त्यांना पाहिलं ते शेवटचंच.