आईच्या कापसावर लाल रंग

दोस्तहो, आज लय वाईट वाटून राह्यलं.

जुन्या मोटरसायकलची टाकी घरीच रंगवाची म्हणून लाल स्प्रे आणलता. अंगणात गाडी धुतली, पुसली, अन् रंग मारत बसलो. आई म्हणे, "हवा सुटली हाय, उद्या मार." म्या ऐकलंच नाही.

टाकी चकाचक झाली. मागं पाह्यलं, तं ओसरीतल्या पांढऱ्या कापसाच्या ढिगावर लाल शिंतोडे!

मले वाटलं, आता शिव्या पडतात. पण आई ढिगापाशी बसली. वावरात वाकून वाकून वेचलेला कापूस ती दुसऱ्यांदा वेचून राह्यली, लाल वेगळा, पांढरा वेगळा. मान वर न करता म्हणे, "गाडी मस्त दिसते रे."

तवापासून चाबी खिशातच हाय. तुम्ही बसले असते का त्या गाडीवर?