आमच्या घरातलं नेट कोण खात होतं

अख्ख्या कर्वेनगर-वारजे पट्ट्यात स्पीकर लावण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. मंगलाष्टकं सुरू झाली की माझा स्पीकर बंद पडायचा आणि भटजींना ओरडून लग्न लावावं लागायचं, ती गोष्ट वेगळी.

मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा माझा धंदा. शाळा चौथीत सुटली. मी सोडली असं सांगतो, पण सगळ्यात जास्त आनंद मास्तरांना झाला होता. आता धंदा मुलगा बघतो, मी घरी असतो, आणि घरातल्या सगळ्या वायरी माझ्या ताब्यात आहेत असं समजतो. घरातले तसं समजत नाहीत.

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नात झाली, सुट्टी संपली, तेव्हा कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली, पण एक महिना बघू म्हणून. ऑफिस हिंजवडीला. जायचा-यायचा वेळ धरला तर पोरीला आई दिसणार ती झोपेतच. म्हणून ती परवानगी टिकणं सगळ्या घराला हवं होतं. मला जरा जास्तच, कारण सून ऑफिसला गेली तर नातीला दिवसभर तुम्ही सांभाळायचं, असं आमच्या हिनं जाहीर करून टाकलं होतं. मी कडेवर घेतलं की ती पोरगी अशी रडते, की एकदा खालचा वॉचमन मला विचारायला आला होता की बाळ कुणाचं आहे.

आणि नेमकं त्याच महिन्यात नेट मरायला लागलं. सुनेच्या मीटिंगमध्ये माणसं तोंड उघडं ठेवून थिजायची. तिचा आवाज पलीकडे तुकड्यातुकड्यानं जायचा. तिच्या मॅडम बाई चांगल्या, पण त्यांनी शेवटी सांगून टाकलं, की शुक्रवारी परदेशातल्या लोकांबरोबर मोठी मीटिंग आहे, त्यात अडकलं तर सोमवारपासून ऑफिसला यावं लागेल. सून नातीच्या कपड्यांच्या घड्या करत बसली, झालेल्या घड्या परत मोडून.

मी म्हटलं, आता आपण बघतो.

स्पीकरच्या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो, आवाज जात नसेल तर भोंगा उंच चढवायचा. म्हणून नेटचा डबा आधी टीव्हीवर ठेवला, मग फ्रिजवर, मग कपाटावर. कपाटावर नेताना वायर तुटली. केबलवाला मुलगा आला, त्यानं वायर जोडली, आपल्या फोनवर काहीतरी तपासलं आणि म्हणाला, "काका, लाईन बरोबर आहे. घरात कुणीतरी खातंय."

म्हणजे चोरी. माझा संशय थेट वरच्या मजल्यावर. तिथं चार विद्यार्थी राहतात, विदर्भातले. मी जिना चढून गेलो आणि आवाज चढवून विचारलं, की आमचं नेट तुम्ही वापरता का. त्यातला एक दात घासत होता. त्यानं शांतपणे चूळ भरली आणि म्हणाला, "काका, तुमचा पासवर्ड तुम्हीच दारावर खडूनं लिहून ठेवला आहे. पहिल्या दिवशी घेऊन पाहिला आम्ही. इतकं हळू नेट फुकटातही परवडत नाही."

पासवर्ड मीच लिहिला होता हे खरं. पाहुण्यांनी आल्या आल्या विचारू नये म्हणून. खाली आलो आणि ओल्या फडक्यानं दार पुसलं. नेट तसंच राहिलं.

शुक्रवार उजाडला. मी सकाळचा मित्रांबरोबरचा चहा आटोपला, फोन मसाल्याच्या फळीवर चार्जिंगला पालथा टाकला आणि कामाला लागलो. सून आतल्या खोलीत दार लावून मीटिंगला बसली. पाचच मिनिटांत तिचा आवाज ऐकू आला, "हॅलो, मी दिसतेय का? हॅलो?" मग तेच इंग्रजीतून. मग गप्प.

मला राहवलं नाही. मंडपाचा एक बांबू घरात होताच. मी स्टुलावर चढलो, सुतळी दातात धरली आणि डबा बांबूला बांधून पार माळ्याच्या वर चढवायला लागलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. तोही मीच कापला होता, बाकीचे तीन लांब वाटत होते म्हणून. ही नातीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी, आणि हळू आवाजात सांगतेय, "अहो, उतरा खाली. पडाल, आणि डबाही पडेल."

मी सुतळी चावत मान हलवली.

तेवढ्यात मसाल्याच्या फळीवरून आवाज आला.

"वहिनी सांगतायत तर उतर की गड्या."

मी उतरलो. म्हणजे पडलोच, पण डबा छातीशी धरून पडलो. ही माझ्याकडे न बघता हळदीच्या डब्याकडे बघत होती.

तो आवाज माझ्या जुन्या दोस्ताचा. लोणी काळभोरचा. तीस वर्षं आम्ही दोघांनी स्पीकर वाहिले. गेल्या वर्षी त्याचा खुबा मोडला, तेव्हापासून तो गावी घरातच असतो. मुलगा-सून कामाला जातात, हा एकटा. आमचा चौघांचा चहाचा कट्टा त्याच्यावाचून भरेना, म्हणून सुनेनंच या महिन्याच्या सुरुवातीला माझ्या फोनवर व्हिडिओची मीटिंग लावून दिली. रोज सकाळी चौघं आपापल्या घरात कप घेऊन बसतो. पहिल्या दिवशी चहा संपल्यावर मी लाल बटण दाबलं, फोननं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, आणि चौघंच्या चौघं बाहेर. दोस्ताचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तो चार दिवस रुसला. म्हणाला, दारातून हाकललंस. तेव्हापासून ते बटण दाबायचं मी सोडलं. यजमानानं पाहुण्यांना उठवायचं नसतं. आणि पाहुणे तरी कसले, "बरं, येतो" म्हणायचे आणि फोन बाजूला ठेवायचे. जातो कुणीच म्हणत नाही आमच्यात, आणि गेलंही कुणी नव्हतं.

आवाज ऐकून सून बाहेर आली. फोन उलटा केला. चार चौकटी. एकीत आमचं छत, एकीत कुणाचा तरी फिरणारा पंखा, एकीत सोफ्याची पाठ. चौथ्या चौकटीत दोस्त शेंगदाणे सोलत बसलेला.

सुनेनं विचारलं, "काका, हे असं रोज दिवसभर चालू असतं?"

"असतं की. मी बोलत नाय. तुमचं आफिस चालू असतंय, तुम्हाला तरास नको म्हणून गप बसतो. नुसतं ऐकतो. कुकरच्या शिट्ट्या, पोरीचं रडणं. घर भरल्यावानी वाटतं."

हिनं विचारलं, म्हणजे मी काय काय बोलते तेही? तो म्हणाला, ऐकलं, पण मी कुणाला सांगितलं नाही. ही एवढी लाल झालेली मी लग्नातही पाहिली नव्हती.

सुनेच्या मीटिंगमधली माणसं आत थिजून बसली होती, तिची परवानगी त्यांच्यात अडकलेली, तरी तिनं बटण तसंच नाही दाबलं. आधी म्हणाली, काका, आता हे बंद करते, माझं काम झालं की तुम्हाला साधा फोन लावून देते, चित्राशिवाय. नुसत्या आवाजाला नेट लागत नाही. तो म्हणाला, "येतो मग, सूनबाई." आणि तिनं बटण दाबलं.

आतल्या खोलीत माणसं हलायला लागली. तासभर सुनेचा आवाज एकसारखा येत राहिला, हसण्याचाही आला. दार उघडलं तेव्हा तिनं आधी पोरीला घेतलं आणि मग सांगितलं, की मॅडमनी घरून काम कायम केलं. ही शिरा करायला उठली.

आता दुपारी फळीवरून साधा फोन लावलेला असतो. दोस्त ऐकतो, मधेच खोकतो, आणि ही भाजी चिरता चिरता त्याला गावाकडचं विचारते. मला त्यात घेत नाहीत.

त्या शुक्रवारी जेवताना मी मुलाला सगळी हकीकत सांगितली. थोडी माझ्या बाजूनं सांगितली. म्हटलं, मी स्टुलावर चढलो नसतो तर तो बोलला नसता, तो बोलला नसता तर काही कळलं नसतं, म्हणजे सुनेची परवानगी तशी मीच वाचवली.

हिनं माझ्या ताटात शिरा वाढला.

"सून बटण दाबत होती तेव्हा तुम्ही जमिनीवर पडून होतात, काही करत नव्हतात, म्हणून वाचली," ती म्हणाली. "उद्यापासून तसंच करत जा."