फाटकं पुस्तक आणि डावा कान

माझ्या नातीला आम्ही घरात 'चौकशी' म्हणतो. नाव मीच ठेवलं. चार वर्षांची असताना ती पोस्टमनला दारात अडवून विचारायची, "हे पत्र कोणी लिहिलं? त्याला दुसरं काम नव्हतं का?" तर ही चौकशी पदवी घेऊन वर्तमानपत्रात लागली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

मी खेड्यातल्या शाळेचा. एक खोली, चार वर्ग आणि सगळ्यांत मिळून एक गुरुजी. वर्तमानपत्र गावात दोन दिवसांनी पोचायचं आणि गुरुजी ते मला पारावर उभं करून वाचायला लावायचे, कारण माझा आवाज मोठा. एकदा मी 'मंत्री उद्या येणार' असं वाचलं आणि अख्खा गाव दुसऱ्या दिवशी नटूनथटून रस्त्यावर उभा राहिला. मंत्री दोन दिवसांपूर्वीच त्या रस्त्याने निघून गेले होते. पण ते असो, सांगत होतो ते वेगळंच.

मला वाटलं, चौकशी आता पुढाऱ्यांना कोंडीत पकडणार. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आज काय लिहिलंस?"

"आज शहरात."

"शहरात काय झालं?"

"काही झालं नाही, आजोबा. सदराचं नाव आहे ते."

पाचवं पान, खालचा कोपरा, पंखे दुरुस्तीच्या जाहिरातीला चिकटून. शहरातल्या संस्था कार्यक्रमांची पत्रं पाठवतात, आणि चौकशी प्रत्येक पत्राच्या दोन ओळी करते : काय, कुठे, किती वाजता. खाली नाव नाही, गाव नाही.

"यासाठी तीन वर्षं कॉलेजात घातलीस?" सूनबाई म्हणाल्या. "हे तर किराण्याच्या यादीसारखं झालं."

मला यात पत्रकारिता कुठे आली ते कळेना. पण नातीने लिहिलंय म्हटल्यावर आपण जायला नको? मी जाऊ लागलो. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मेळाव्याला गेलो. दंतवैद्यांच्या परिसंवादाला माझी कवळी घेऊन पहिल्या रांगेत बसलो. निवृत्त लेखापालांच्या वार्षिक सभेत तर एका ठरावाला अनुमोदनही दिलं. ठराव कसला होता, देव जाणे. चहा चांगला होता.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. पाचवा महिना सरत आला तेव्हा वृत्तसंपादकांनी तिला बोलावलं. ऑफिसात सगळे त्यांना 'लाल पेन' म्हणतात, पाठीमागे अर्थात. ते म्हणाले, "तुझं सदर कोणी वाचत नाही. मालक एक तारखेपासून बंद करतायत. सदर गेलं की तुला ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

घरी येऊन ती बुटाची नाडी सोडत बसली. एकच नाडी, किती तरी वेळ.

"मी वाचतो ना!" मी म्हणालो.

"हो. तुम्ही धरून एक."

त्या शनिवारी सदरात छापून आलं : 'फाटकी पुस्तकं घरच्या घरी शिवायला शिका. ज्येष्ठ बाइंडरांचं प्रात्यक्षिक. येताना फाटकं पुस्तक आणावं. सहकारी बँकेचा हॉल, सायंकाळी पाच.' माझ्याकडे शाळेतलं अंकगणित आहे, मधली पानं सुटलेलं. ते पिशवीत घातलं आणि गेलो.

हॉलमध्ये पांढरा कोट घातलेली एक मुलगी बसली होती. तिने माझं नाव आणि वय लिहून घेतलं, मला एका काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. म्हणाली, "आवाज आला की दाबा."

मी म्हटलं, शिकवण्याची नवी तऱ्हा असेल. दाबत राहिलो. मांडीवर अंकगणित होतंच.

बाहेर आलो तर तिने कागद दिला. "आजोबा, डावा कान बराच कमी आहे."

"आणि पुस्तक?"

"कुठलं पुस्तक?"

मग आजूबाजूला पाहिलं. दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या काखोटीला फाटकी पुस्तकं. एक बाई खिळखिळा शब्दकोश पोटाशी धरून विचारत होत्या, "शिवायचं नक्की कुठे आहे हो?" मुलगी बिचारी रडकुंडीला आलेली. मी माणसं मोजत बसलो. माझ्यासकट तेवीस माणसं येऊन गेली.

घरी चौकशीला म्हणालो, "बाळ, पुस्तक शिवायला गेलो आणि कान तपासून आलो. हे कसं काय?"

तिचा चेहरा पडला. पिशवीतून दोन पत्रं काढून तिने शेजारी शेजारी ठेवली. बाइंडरांचा कार्यक्रम वाचनालयात होता, मोफत कानतपासणी बँकेच्या हॉलमध्ये. तिने जागांची अदलाबदल केली होती.

"संपलं," ती म्हणाली. "एक तारखेपर्यंतसुद्धा थांबणार नाहीत आता."

सोमवारी मी तिच्यासोबत निघालो. "तुम्ही कशाला?" म्हणाली. मी म्हटलं, "कान दाखवायला." खरं म्हणजे तिच्या बाजूने काही बोलावं असा बेत होता, पण काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

लाल पेनच्या केबिनबाहेर पाण्याच्या यंत्राशेजारी बाक आहे, तिथे मला बसवलं. दार अर्धवट उघडं. डावा कान दाराकडे येत होता, म्हणून मी वळून भिंतीकडे तोंड करून बसलो. येणारेजाणारे मला शिक्षा झाल्यासारखे बघत होते.

आत बाइंडर आधीच पोचले होते. जाडजूड बोटांचा, तापलेला माणूस.

"माझ्यासमोर एकोणीस जण बसले होते," ते सांगत होते. "एकाच्याही हातात पुस्तक नाही! मी विचारलं, दोरा सुती घ्यायचा की रेशमी? सगळे म्हणाले, हो. दीड तास हो-हो करत होते. मला वाटलं, आपण फार चांगलं शिकवतोय."

लाल पेनची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "अगं, पत्रच चुकीचं आलं असेल ना? तसंच छापू. वाचनालयाची चूक, विषय संपला."

मला हायसं वाटलं. हो म्हण, मी मनात म्हणालो. हो म्हण की गं.

"नाही, सर," चौकशी म्हणाली. "पत्रं बरोबर होती. मी चुकले. दोन्ही माझ्याकडे आहेत."

माझी पाचावर धारण बसली. आत कागदांचा आवाज झाला.

"बाइंडरसाहेब, तुमच्याकडे किती म्हणालात?"

"एकोणीस."

"आणि तिकडे?"

"तेवीस," मी बाकावरूनच ओरडलो. आवाज अजून आहे माझा.

लाल पेनने दार पूर्ण उघडलं. "हे कोण?"

"माझे आजोबा."

"म्हणजे बेचाळीस," ते स्वतःशीच म्हणाले. "एका कोपऱ्यातल्या चार ओळींवर बेचाळीस माणसं घरातून निघाली आणि चुकीच्या जागी जाऊन पोचली." असं म्हणून ते दोन्ही पत्रं घेऊन जिना चढून मालकांकडे गेले. जाताना चौकशीला म्हणाले, "खुलासा लिही. पाच ओळी. दिलगिरी स्पष्ट शब्दांत."

बाइंडरांना काही समजेना. मलाही समजेना. आम्ही दोघे बाकावर बसून राहिलो. मी त्यांना अंकगणित दाखवलं. त्यांनी ते उघडलं, वासही घेतला आणि म्हणाले, "शिवण कोणी घातलीय ही? चपलांच्या कारागिराने?" गावात तोच एक होता, हे मी सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने लाल पेन खाली आले. सदर राहिलं. चौकशीही राहिली, पण उमेदवारी तीन महिने वाढवून. आणि यापुढे प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री केल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. मग त्यांनी तिला असं काही झापलं की मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला. तोही बिननावाचाच. शेवटी लिहिलं होतं, 'प्रात्यक्षिक येत्या रविवारी वाचनालयातच होईल.' मी रविवारी गेलो. पुस्तकवाले आले होते आणि आधीच्या एकोणिसांपैकी सात जणही परत आले होते, या वेळी पुस्तकं घेऊन. माझं अंकगणित आता नीट उघडतं. खुलाशाचं कात्रण मी व्याजाच्या प्रकरणात ठेवलंय.

पण एक कोडं काही सुटेना. शेवटी तिलाच विचारलं, "तुझी नोकरी टिकली ती चूक केलीस म्हणून, की कबूल केलीस म्हणून?"

ती फोनवर होती. एका हाताने मला थांबा अशी खूण करून विचारत होती, "म्हणजे हॉल दुसऱ्या मजल्यावर? जिना कुठल्या बाजूने?" लिहून घेतलं, फोन ठेवला.

"मलाही नाही कळलं, आजोबा," ती म्हणाली. "उद्या पाच वाजता मत्स्यालय संघाची सभा आहे. जाल ना? जिना डावीकडून आहे."