लेखकरावांच्या पुस्तकातलं दार

बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने मुलांसाठी कादंबरी लिहिली, हे कळल्यावर सोबतच्या मेकॅनिकांपैकी काहींनी त्यांना नाव ठेवलं, काहींनी नावं ठेवली. ठेवलेलं नाव टिकलं: लेखकराव.

कादंबरी लिहिली गेली ती इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरशेजारी, ग्रीसच्या डब्यावर वही टेकवून. सुटा भाग येईपर्यंत तासन्‌तास बसावंच लागे. गोष्ट साधी होती. दहा वर्षांची एक मुलगी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकते, दोन्ही हातांनी दार ओढून उघडते, आणि समोर भिंतीऐवजी एक नगर असतं. तिथली घरं रोज सकाळी आपापल्या जागा बदलतात.

पुस्तक छापून आलं आणि लेखकरावांची शांती गेली. जवळच्या ग्रंथालयात, बालविभागात, वाचकांनी मत लिहायची एक वही होती. लेखकराव दर शनिवारी "सहज आलो" म्हणत तिथे हजर. ग्रंथपालबाई हसू दाबून वही पुढे सरकवायच्या.

"तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचणार होते, पण भावाने पळवलं."

"पहिली चाळीस पानं नुसती मोटर आणि दोर. झोप आली."

"आमच्या लहानपणी गोष्टीला तात्पर्य असे," असं एका आजोबांनी ठणकावलं होतं.

"घरं फिरतात तर पोस्टमन काय करतो? लेखकाने विचारच केलेला नाही."

खरंच केला नव्हता. त्या पोस्टमनने लेखकरावांचे दोन दिवस खाल्ले. जेवताना मध्येच थांबायचे, घास हातात. बायको म्हणाली, "अहो, चार लोक चार तोंडांनी बोलणारच. तुम्ही आधी भात संपवा."

पण पुढच्या शनिवारी जे वाचलं, त्याने भूकच मेली. निळ्या शाईत, ठाशीव अक्षरात एका आईने लिहिलं होतं: "माझ्या मुलीला पुस्तक फार आवडलं, हीच तक्रार आहे. लिफ्ट समोर नसताना ती आमच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार ओढत बसते. म्हणते, नगर दिसेल. असली पुस्तकं मुलांच्या हाती देऊ नयेत."

लेखकरावांनी वही मिटली. पुन्हा उघडली. मजल्यावरच्या त्या दाराला आतून कुलूप असतं. लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय ते उघडता कामा नये. पण झिजलेली कुलपं त्यांनी कमी पाहिली होती का? आणि हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानेच लिहिलं होतं, दोन्ही हातांनी ओढ म्हणून.

"बाई, यांचा पत्ता?"

"पत्ता देता येत नाही हो. हवं तर फोन करून विचारते."

बाईंनी फोन केला. तोवर लेखकराव बालविभागातल्या ठेंगण्या खुर्च्यांमधून येरझाऱ्या घालत राहिले. पलीकडून उत्तर आलं, "येऊ दे. मलाही बोलायचंच आहे त्यांच्याशी."

तिसरा मजला. लेखकराव जिन्याने चढले. आई दारातच उभी होती, बोलायची वाक्यं जुळवून. तिच्यामागे मुलगी, दोन वेण्या, नजर थेट.

"ताई, मला काय वाटेल ते बोला," लेखकराव म्हणाले, "पण आधी दार बघू दे."

लिफ्ट तळमजल्यावर होती. त्यांनी मुलीला आईपाशी थांबायला सांगितलं, स्वतः भिंतीला एक हात टेकवून दाराच्या फटीत बोटं घातली आणि ओढलं. दार अडलं. जीव भांड्यात पडला. मग मुलगी म्हणाली, "असं नाही काका. थोडं वर उचलून."

त्यांनी उचलून ओढलं. दार वीतभर सरकलं. आत काळोख होता, आणि खालून तेलकट, गार वारा आला.

"मी म्हटलं होतं ना, उघडतं!" मुलगी म्हणाली.

आईने मुलीला मागे ओढलं. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. लेखकरावांनी दार लावलं, वर जाऊन लिफ्टची वीज तोडली, प्रत्येक मजल्यावर 'लिफ्ट बंद, दार उघडू नका' असा कागद चिकटवला. ती लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे होती. तिथला माणूस "सोमवारी बघतो" म्हणाला, तेव्हा आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेले लेखकराव फोनवर एवढे कडाडले की शेजारी बाहेर आले. माणूस तासाभरात आला. दाराच्या कुलपाची आकडी झिजून नखाएवढी उरली होती. ती बदलून होईपर्यंत लेखकराव जिन्यात बसून होते.

आईने वहीतलं मत खोडलं नाही. खाली एक ओळ वाढवली: "पुस्तकाबद्दल मत तेच. लेखक मेकॅनिक म्हणून उत्तम."

वर्षभराने दुसरी आवृत्ती निघाली. लेखकरावांनी ते पान बदललं होतं. आता मुलगी घंटीचं बटण दाबते, वाट बघते, आणि दार आपणहून उघडतं. ग्रंथालयातल्या जुन्या प्रती त्यांनी स्वतः मागून घेतल्या आणि नव्या दिल्या. झालं, सुटलो, असं त्यांना वाटलं.

पण मुलं ग्रंथपालबाईंकडे जुनंच पुस्तक मागायला लागली. आणि एका शनिवारी दोन वेण्या वहीवर वाकलेल्या दिसल्या. अजून लिहीतच होती ती.

"आधीचं चांगलं होतं," मान वर न करता ती म्हणाली. "आता ती नुसती उभी राहते. तुम्ही घाबरलात ना, काका?"

"घाबरलो."

"मग ती पण घाबरली असं लिहा ना. दार उघडतं, खाली काळोख दिसतो, आणि ती घाबरते. तुम्ही तर असं लिहिलंय, जसं काही झालंच नाही."

घरी जाताना लेखकराव एक वळण चुकले. बायकोने विचारलं, "आज काय लिहिलंय वहीत?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"पोरीचं बरोबर आहे," बायको म्हणाली.

"आणि दुसऱ्या कुणाच्या पोरीने दार ओढलं तर?"

बायको ताट वाढायला उठली.

तेव्हापासून लेखकराव गच्चीवर ते एक पान लिहितात. दार वीतभर उघडतं, गार वारा येतो, मुलगी मागे सरते. तिथून पुढे तिला नगरात कसं न्यायचं, हे काही जमत नाही. कागद चुरगळतात, खिशात कोंबतात, आणि खालून कुणी हाक मारली की पाना-पेचकस उचलून जिना उतरतात.