हळदीचे उपाशी वाफे

हिवरखेडच्या काळ्या रानात मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी, हळद लावते. बेणे घरचे; काढणीतले चांगले कंद राखायचे आणि पुढच्या वर्षी तेच लावायचे, असा तिचा शिरस्ता. अकोल्यात जमिनीतल्या उपयुक्त जिवाणूंवर संशोधन करताना प्रयोगासाठी मी तेच शेत निवडले. निम्म्या वाफ्यांतले बेणे जिवाणूंच्या द्रावणात बुडवून लावायचे, निम्मे कोरडेच. मग वाढीची तुलना.

द्रावणात गूळ पडतो हे पाहून मोठी आई खूश झाली. "गूळ खातेत वं तुहे किडे! जावई हायेत का?"

पहिल्या वर्षी सगळेच वाफे सारखे तरारले. मी चक्रावले. तीच सहज म्हणाली, "बादलीत उरलं होतं. त्या निम्म्याइले काहून उपाशी ठेवाचं? देल्लं ओतून."

घरी मी वऱ्हाडीच बोलते. त्या दिवशी तण निंदणाऱ्या बायांसमोर मी सभेत बोलावे तशा मराठीत म्हणाले, "कळत नाही, तर हात कशाला लावतेस?"

बाया हसल्या. मोठी आई हसली नाही.

दुसऱ्या वर्षी तिने खरोखरच हात लावला नाही. श्रावणात पाणी साचले आणि कोरड्या बेण्याच्या वाफ्यांत कंदकूज शिरली: पाने कडेने पिवळी, कंद बोटाने दाबला की मऊ. द्रावणाचे वाफे बरेचसे टिकले होते. मला हवा तसाच फरक. मोठी आई रिकामी बादली घेऊन शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी होती.

"आता देऊ का वं? बेणं जाईन सारं."

"थोडं थांब. काढणीपर्यंत."

तुलनेशिवाय निष्कर्ष नाही, हे मला आजही मान्य आहे. परंतु रोगाची नोंद मी त्याच दिवशी घेतली होती आणि प्रबंधाला ती पुरली असती. मला काढणीचे वजन हवे होते, कारण वजनातला फरक आलेखात अधिक उठून दिसतो.

तो दिसलाही. अमरावतीच्या परिषदेत त्या आलेखाचे कौतुक झाले. तिकडे मोठी आई कुजके कंद वेगळे काढून धुऱ्यावर फेकत होती. शेजारीण हळहळली तेव्हा एवढेच म्हणाली, "पोरीचं काम झालं नं."

यंदा लावणीला मी मुद्दाम गेले. घरचे बेणे पुरले नव्हते. उरलेले पहिल्यांदाच विकत आणावे लागले होते. मोठी आई द्रावणात गूळ ढवळत होती. मान वर न करता तिने विचारले, "कोणाले द्याचं अन् कोणाले नाही, सांग बाई. मी आपल्या मनानं काई करत नाही."

"सगळ्याइले दे."

"मंग तुहा अभ्यास?"

"झाला."

प्रबंध सादर झाला होता. ते 'सगळ्याइले' म्हणताना मला काहीच सोडावे लागले नव्हते.

"असं," मोठी आई म्हणाली आणि तिने विकतच्या बेण्याची टोपली पुढे ओढली.