मापातलं पाणी

मास्तरांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचं वीतभर कापड लाटलं नाही. उरलेल्या चिंध्यासुद्धा घडी करून शर्टासोबत परत देणारा शिंपी तो. अशा माणसाला साठीला टेकल्यावर चोर ठरवलं, आणि तेही कशाचा, तर पाण्याचा.

दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केल्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास, मास्तर डायलिसिसच्या खोलीत खिडकीकडून दुसऱ्या खुर्चीत. सुरुवातीला हातावर शस्त्रक्रिया करून दोन शिरा जोडायच्या होत्या. कोणत्या हाताची करू, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "डावा घ्या. उजव्यात कात्री असते." त्या डाव्या हातात दर वेळी दोन सुया जातात. सुया म्हणायचं आपलं. ज्याने आयुष्यभर सुई हाताळली त्याला कळतं की ते दाभण आहे. एका दाभणातून रक्त बाहेर पडतं, मशीनमध्ये धुतलं जातं, दुसऱ्यातून परत येतं. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं. तेही मशीनच ओढून काढतं.

किती ओढायचं हे फाईल ठरवते. फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं 'कोरडं वजन', म्हणजे जास्तीचं पाणी वगळून माणूस किती भरतो तो आकडा. मास्तरांचा होता बावन्न. आल्याबरोबर काट्यावर उभं राहायचं, बावन्नच्या वर जे भरेल ते पाणी, आणि ते बाहेर. हिशोब सरळ होता. फक्त तो बावन्नचा आकडा कधी लिहिला, हे कुणी विचारत नव्हतं.

"पंचावन्न आठशे," मशीनवाला काट्याकडे बघून ओरडायचा. तिशीतला, हाताला चलाख, सुई एका झटक्यात लावणारा, पण जिभेला हाड नसलेला. "म्हणजे तीन किलो आठशे पाणी. मास्तर, दोन दिवस विहिरीत मुक्काम होता का?"

खोली हसायची. बारा खुर्च्यांवरची माणसं, प्रत्येकाच्या तोंडचं पाणी खरोखरच पळालेलं, तरी दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला आवडत नाही?

"मी दिवसाला एक लिटरच्या वर पीत नाही," मास्तर म्हणायचे. "चहा धरून."

"काटा खोटं बोलतो का मग?"

आणि मशीन ओढायला लागायचं. दोन तास बरे जायचे. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा यायचा, असा की पाय कुणी पिळून वाळत टाकतंय. डोळ्यांपुढे अंधारी, कानात सूं, रक्तदाब खाली. मग सिस्टर धावायची, पाय वर करायची, सलाईन सोडायची. मशीनवाला मान हलवत म्हणायचा, "प्यायचं आपण आणि शिव्या मशीनला." घरी आल्यावर पुढचा सगळा दिवस अंथरुणात. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला की पोटरी नाही म्हणायची. पहिले तीन महिने बरे गेले होते; हे सुरू झाल्यापासूनच्या पाच महिन्यांत मास्तरांनी एक कोट पुरा केला नव्हता.

बाहेरच्यांनी पाण्यात पाहिलं तर माणूस सोसतो. पण मशीनवाल्याने एकदा मास्तरांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, लक्ष ठेवा, हे चोरून पितात." आणि तिने ते खरं मानलं. दुकानात काजं-बटणं करणारी, पस्तीस वर्षं शेजारी बसलेली बाई. मास्तर हात धुवायला गेले आणि नळाचा आवाज झाला की ही दारात उभी. नुसती बघायची. मास्तरांना वाटायचं, त्यापेक्षा दाभणं बरी.

एक दिवस अशीच ती दारात आली तेव्हा मास्तरांनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच पुढे धरले.

"तोंडाचा वास घे हवं तर."

"असं काय बोलता हो? काळजी वाटते म्हणून..."

"काळजी नाही, पाळत आहे ही."

मग नेहमीच्या कामाला लागावं म्हणून तिने त्यांची पँट उचलली. कंबरेला घट्ट होते, अशी मास्तरांचीच तक्रार होती. शिवण उसवता उसवता तिचा हात थांबला.

"अहो, हॉस्पिटलातून आलात तेव्हा मीच ही आत घेतली होती ना? तेव्हाची मापं वहीत असतील."

होती. शिंप्याच्या घरात दुसरं काही सापडो न सापडो, मापाची वही सापडते. पानाच्या डोक्यावर 'स्वतः' असं लिहून खाली आठ महिन्यांपूर्वीची सगळी मापं. मास्तर ताठ उभे राहिले, आणि जन्मभर दुसऱ्यांभोवती फिरलेला टेप बायकोने त्यांच्याभोवती फिरवला. उजवा दंड, पाऊण इंच जास्त. मांडी, दीड इंच. कॉलर, अर्धा.

"घोटा घे," मास्तर म्हणाले.

घोटा जसाच्या तसा. दोन्ही पायांचा. तिने नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा पडला नाही. सुजेचं पाणी आधी घोट्यात उतरतं, हे पायजमे शिवणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

"हे पाणी नाही," ती हळूच म्हणाली. "हे मांस आहे. ओकाऱ्या थांबल्या, जेवायला लागलात. रोजची दोन अंडी मीच खाऊ घालते, दवाखान्यातल्यांनीच सांगितली म्हणून." मग टेप गुंडाळत, खाली बघत म्हणाली, "चुकले मी."

म्हणजे बघा, खा म्हणून सांगणारे हेच, अंगाला लागलं तर ते ओढून काढणारेही हेच, आणि वर चोर कोण, तर मास्तर. कोंबडीची पिसं काढतात तसं पाच महिने माणसाला सोललं, आणि कुणाला फाईलचं पहिलं पान उलटून तारीख बघावीशी वाटली नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा यायच्या, खुर्च्यांमधून झपझप चालत. त्या दिवशी मास्तर गळ्यात टेप आणि हातात वही घेऊन बसले. मशीनवाला म्हणाला, "आज आमची मापं घेणार वाटतं." बाई थांबल्या. त्यांनी वही वाचली, नडगी दाबली, छाती तपासली, फाईल मागे मागे चाळत गेल्या.

"हे वजन आठ महिन्यांपूर्वीचं आहे. कुणी बदललं नाही?"

दर महिन्याच्या पानाखाली सही बाईंचीच होती. त्यांनाही ती दिसली असावी, कारण पुढचं त्या जरा घाईने बोलल्या. "साडेचोपन्न करा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू." आणि बावन्नवर काट मारून पुढच्या खुर्चीकडे गेल्या. चुकलं, हा एक शब्द त्यांच्याकडून सुटला नाही. मास्तर एक इंच चुकले तर गिऱ्हाइकाचे पाय धरतात.

त्या दिवशी चार तास सुखाचे गेले. गोळा नाही, अंधारी नाही. सुया काढून मशीनवाल्याने कापूस दाबला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, पाणी सोडलंत तर कसा आराम पडला."

मास्तरांच्या ओठावर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. पण तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंनी पोटरी गच्च धरली. दात ओठांत रुतलेले.

"बाई, तुम्हीपण शिका मास्तरांकडून," मशीनवाला म्हणाला. "नळाला तोंड लावणं बंद करा."

"मी नाही हो पीत," बाई म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात.

मास्तर उठले. सिस्टर सलाईन सोडेपर्यंत पोटरी चोळून दिली, कळ ओसरू दिली. मग कापसाची पट्टी नीट आहे ना बघून गळ्यातला टेप काढला आणि बाईंच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले, गिऱ्हाइकापुढे बसतात तसे.

"पाय पुढे करा, ताई. आजची मापं घेऊन ठेवू. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई आल्या की दाखवायची." मग मान वर न करता त्यांनी वही मशीनवाल्याकडे धरली. "माझे हात गुंतलेत. तुम्ही लिहा. आधी तारीख घाला."

तो वही घेऊन उभाच राहिला.

"तारीख," मास्तर म्हणाले. "तीच विसरता तुम्ही लोक."